गाडी नवीच आहे की!

दुपारी कॉलेज सुटलं की तळेगाव ढमढेऱ्यातून शिक्रापूरकडे निघणाऱ्या दुचाक्या जरा थांबून बघा. त्यांत एखादी तरी अशी दिसते, जिचं हँडल किंचित तिरकं धरलेलं असतं आणि चाक मात्र सरळ चाललेलं असतं. चालवणाऱ्याला विचारलं तर तो हसून सांगतो, "मागच्या महिन्यात पडलो होतो. तेव्हापासून हँडल जरा डावीकडं धरावं लागतं. सवय झालीय." आणि त्यापुढचं वाक्य ठरलेलं असतं : "काही होत नाही रे, गाडी नवीच आहे की!"

आज बोलायचंय ते या शेवटच्या वाक्याबद्दल.

पडल्यावर आपण काय करतो, हे सगळ्यांना पाठ आहे. आधी उठून आजूबाजूला बघायचं, कुणी पाहिलं तर नाही ना. मग पँट झटकायची. गाडी उचलायची, पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरायचं आणि हँडलला एक जोराचा हिसका द्यायचा. सरळ झाल्यासारखं वाटलं की स्टार्टर मारायचा. सुरू झाली? मग काहीच झालेलं नाही! खरचटलेलं कोपर फुल शर्टाच्या बाहीत जातं, मोडलेला इंडिकेटर पॉकेटमनीतून बदलला जातो आणि घरी कुणाला कळत नाही.

गाडी सुरू झाली म्हणजे गाडी ठीक आहे, हा आपला हिशेब. गंमत अशी, की आपल्याकडचे नियमही जवळपास याच हिशेबानं चालतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. या कायद्यानुसार खासगी गाडीची, म्हणजे तुमची बाइक, ताईची स्कूटर, घरची कार, नोंदणी एकदा झाली की ती १५ वर्षं चालते. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण करायचं असेल तेव्हा गाडी तपासणीसाठी न्यावी लागते आणि पुढं दर ५ वर्षांनी. म्हणजे २०२४ च्या दिवाळीत घेतलेल्या बाइकचे ब्रेक, चेसिस, शॉकअप सरकारी माणूस पहिल्यांदा बघणार तो २०३९ च्या दिवाळीत. तोवर तुमचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं उरकलेलं असेल आणि त्याच गाडीवर तुम्ही पोराला शाळेत सोडत असाल.

रिक्षा, टेम्पो, ट्रक, वडापची जीप यांचं तसं नाही. या 'ट्रान्सपोर्ट' गाड्या. त्यांना पासिंग असतं. नव्या गाडीला पहिली २ वर्षं सूट, मग ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ज्या टेम्पोवाल्याला आपण रस्त्यात शिव्या घालतो, त्याची गाडी निदान कागदावर तरी आपल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वेळा तपासली जाते.

"पण आम्ही पीयूसी काढतो की!" काढता, चांगली गोष्ट आहे. पण पंपाशेजारच्या गाडीत बसलेला माणूस काय करतो? सायलेन्सरमध्ये नळी घालतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि कागद देतो. तो धूर तपासतो. तुमचा पुढचा ब्रेक लागतो का, चाक लपकतंय का, हे बघणं त्याचं कामच नाही.

नव्या गाडीला तपासणीतून सूट असणं हे तसं चुकीचं नाही. जगभर ती आहे. ब्रिटनमध्ये बहुतांश ठिकाणी कारची पहिली तपासणी ३ वर्षांनी होते. जर्मनीत आणि जपानमध्ये नवी कार पहिल्यांदा ३ वर्षांनी आणि पुढं दर २ वर्षांनी तपासली जाते. कारखान्यातून तपासून बाहेर पडलेल्या गाडीला लगेच पुन्हा रांगेत कशाला उभं करायचं, हा साधा विचार त्यामागं आहे. आपली १५ वर्षं त्यांच्या तुलनेत फारच लांब आहेत, तरीही विचार तोच.

पण हा विचार एका गृहीतावर उभा आहे : गाडी कारखान्यातून जशी आली, तशीच आहे. अपघात झाला की ते गृहीत मोडतं. सहा महिन्यांची गाडी दुभाजकाला धडकली, तर तारखेनं ती सहा महिन्यांचीच असते, पण चेसिस आणि शॉकअपच्या दृष्टीनं ती आता वेगळी गाडी असते. सूट मात्र तारीख बघून मिळते. गाडीची अवस्था कुणी विचारत नाही. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. ज्या बाइकचं हँडल वाकडं आहे, तिच्यापुढंही फिटनेसची तारीख ऐटीत पुढच्या दहा-बारा वर्षांची दिसते.

मग अपघातानंतर गाडी बघतं तरी कोण?

आधी पोलीस आणि आरटीओ. कायद्याचं कलम १३६ सांगतं, की अपघातात सापडलेली कुठलीही गाडी सरकारनं अधिकार दिलेली व्यक्ती तपासू शकते, त्यासाठी ती हलवूही शकते. गाडी कुठं नेली हे मालकाला कळवायचं आणि सोपस्कार झाल्यावर २४ तासांत ती परत द्यायची, असंही त्यात आहे. कलम ५३ तर याहून पुढं जातं. जी गाडी रस्त्यावर आणणं लोकांना धोक्याचं आहे, तिची नोंदणी आरटीओ निलंबित करू शकतं. मग ती गाडी खासगी असो की धंद्याची, नवी असो की जुनी. म्हणजे अधिकार आहेत. पण पहिल्या कलमातला शब्द 'करू शकते' असा आहे, 'केलीच पाहिजे' असा नाही. आणि आरटीओला कळणार कसं? गुन्हा दाखल झाला, कुणी दगावलं, तर गाडी तपासली जाते. शिक्रापूरच्या चौकात वाळूवरून घसरून पडलेली स्कूटर कुणाच्या दप्तरी जात नाही.

मोठ्या अपघातात तपास किती खोल जाऊ शकतो, हे आपण पाहिलं आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले दोघं गेले. नंतर आरटीओनं गाडी तपासली आणि बनवणाऱ्या कंपनीनंही. धडकेच्या ५ सेकंद आधी ब्रेक दाबला गेला होता, इथपर्यंतचा हिशेब बाहेर आला. म्हणजे ठरवलं तर शेवटचे ५ सेकंदसुद्धा वाचता येतात. तुमच्या-माझ्या गाडीच्या बाबतीत अपघातानंतरची ५ वर्षं कुणी वाचत नाही.

दुसरा डोळा विमा कंपनीचा. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना ५ वर्षांचा आणि कार घेताना ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. हा विमा तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा आणि तो ऐच्छिक असतो. तो नसला तर पडल्यावर क्लेम नाही, क्लेम नाही म्हणून सर्व्हेअर नाही. ज्यांच्याकडं तो आहे, तेही नो क्लेम बोनस जाईल म्हणून छोट्या नुकसानीला क्लेम करत नाहीत.

आणि सर्व्हेअर आला तरी तो काय बघतो? कुठला पार्ट बदलायचा, कुठला ठोकून सरळ करायचा, घसारा किती, कंपनीनं द्यायचे किती आणि मालकानं भरायचे किती. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर जात असेल तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. त्याचा प्रश्न 'खर्च किती?' हा असतो आणि ते काम तो करतो. 'दुरुस्तीनंतर ही गाडी ऐंशीच्या स्पीडला ब्रेक मारल्यावर सरळ राहील का?' हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

तिसरा डोळा मेस्त्रीचा. तो हुशार असतो, पण आपण त्याला जेवढं सांगतो तेवढंच तो बघतो. "इंडिकेटर बसवून द्या आणि जरा ऑइल बघा," असं सांगितलं तर तो इंडिकेटर बसवतो आणि ऑइल बघतो. गाडी पडली होती हे आपण सांगत नाही, कारण मेस्त्री वडिलांच्या ओळखीचा असतो!

तीन डोळे आणि तिन्हींच्या नजरेतून निसटलेली एक गाडी. ती रोज आपल्या बुडाखाली असते.

आता रस्ता बघा. आपला भाग म्हणजे काही पुण्यातली गल्ली नाही. एका बाजूला पुणे-अहिल्यानगर महामार्ग, दुसरीकडं चाकणहून शिक्रापूरमार्गे न्हावऱ्याकडं जाणारा रस्ता, पलीकडं रांजणगावची एमआयडीसी. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बस, आणि ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागं धड रिफ्लेक्टर नसलेले ट्रॅक्टर. न्हावऱ्यातून पुढं चौफुल्याकडं संध्याकाळी गेलेल्यांना अधिक सांगायला नको. अशा रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एरवी जाणवतही नाही. जाणवतं ते समोर ट्रॉली अचानक दिसते आणि आपण सगळी ताकद लावून ब्रेक दाबतो, तेव्हा. वाकलेला शॉकअप, आउट झालेला रिम, सैल पडलेला कोनसेट यांचा खरा हिशेब त्या एका क्षणात होतो.

आणि हँडलची सवय तुम्हाला झालेली असते, मित्राला नाही. "जरा गाडी दे रे, झेरॉक्स काढून येतो," हे वाक्य कॉलेजच्या गेटवर दिवसातून किती वेळा ऐकू येतं? आपण चावी फेकतो. गाडी डावीकडं ओढते हे सांगायचं राहून जातं, कारण आपण ते केव्हाच विसरलेलो असतो. मागं बसलेल्या मैत्रिणीला तर काहीच माहीत नसतं.

इथं कायदा मात्र स्पष्ट आहे. कलम १९० म्हणतं, की ज्या गाडीत धोकादायक दोष आहे आणि तो चालवणाऱ्याला माहीत आहे किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणं किंवा दुसऱ्याला चालवू देणं हा गुन्हा आहे. दंड १,५०० रुपयांपर्यंत. त्या दोषामुळं अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. या कलमात गाडीच्या वयाला सूट नाही. 'नवी होती' हे उत्तर चालत नाही आणि 'माहीत नव्हतं' हेही अर्धवटच चालतं. "सवय झालीय" असं जो म्हणतो, त्याला माहीत होतं, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असतं.

म्हणजे तपासणीची सूट मिळाली तरी जबाबदारीची सूट मिळालेली नाही. पंधरा वर्षं सरकार बघणार नाही, याचा अर्थ पंधरा वर्षं तुम्ही बघायचं, असा आहे. हे कुणी आपल्याला सांगितलेलंच नाही. लायसन्सच्या परीक्षेत चिन्हं विचारतात, आठ काढायला लावतात. पडल्यावर गाडीचं काय करायचं, हा प्रश्न त्यात नसतो.

मग सरकारनं काही करायचंच नाही का? करायला हवं. प्रत्येक ओरखड्यासाठी आरटीओच्या दारात उभं करा, असं आमचं म्हणणं नाही. तसं झालं तर रांगा वाढतील, एजंट वाढतील आणि दोन-पाचशे रुपयांत न बघताच कागद मिळेल, ही तुमची शंका रास्त आहे. म्हणून मागणी छोटी आणि नेमकी हवी. ज्या गाडीची एअरबॅग उघडली, जिची चेसिस किंवा सांगाडा वाकल्याचं सर्व्हेअरनं लिहिलं, जी टोटल लॉस ठरली, तेवढ्याच गाड्या रस्त्यावर परत येण्याआधी एकदा तपासाव्यात. ही माहिती गोळा करायला नवं खातं नको, विमा कंपनीच्या फायलीत ती आधीच असते. ती फाइल आणि आरटीओची नोंद एकमेकांशी बोलायला हवीत, इतकंच.

दुसरी मागणी त्याहून सोपी आहे. गाडीच्या नोंदीत हे दिसू द्या. ब्रिटनमध्ये विमा कंपनीनं मोडीत काढलेल्या गाड्यांचे प्रकार ठरलेले आहेत. काही गाड्या पुन्हा कधीच रस्त्यावर आणायच्या नाहीत, काही दुरुस्त करून आणता येतात. सांगाड्याला मार बसलेली गाडी दुरुस्त झाली तरी तिच्या नोंदणीच्या कागदावर तसा शिक्का राहतो. आपल्याकडं आरसीवर मालकाचं नाव, इंजिन नंबर, चेसिस नंबर, कर्ज देणारी बँक सगळं असतं. गाडीची कंबर एकदा मोडली होती, हे नसतं.

आणि याचा फटका कुणाला बसतो? सगळ्यात आधी तुम्हाला. कारण पहिली गाडी बहुतेकांची सेकंडहँड असते. कुणाच्या तरी ओळखीतून येते, "दोनच वर्षांची आहे, सिंगल हँड, पेट्रोल टाकायचं आणि पळवायचं" असं सांगितलं जातं. रंग चकचकीत असतो. थांबा. रंग इतका चकचकीत का आहे, हे आधी विचारा. विम्याचे जुने कागद मागा. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल आणि एकही क्लेम झाला नसेल तर नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून वाढत ५ वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो. तीन वर्षांच्या, दरवर्षी पूर्ण विमा काढलेल्या गाडीचा बोनस शून्य दिसला तर "क्लेम कशाचा होता?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कार असेल तर चावी फिरवल्यावर मीटरमधला एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही तर शंका घ्या, उघडलेली एअरबॅग न बदलता दिवाच बंद केलेला असू शकतो. बॉनेट उघडून आतली वेल्डिंग बघा, दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. आणि आपला मेस्त्री बरोबर न्या. त्याला दिलेले चार-पाचशे रुपये हा या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

स्वतःची गाडी पडली असेल तर काम आणखी सोपं आहे. मेस्त्रीला खरं सांगा : "पडली होती, पुढून लागलंय." डॉक्टरपासून आणि मेस्त्रीपासून दुखणं लपवू नये. मग तो पुढचं चाक उचलून फिरवेल आणि रिम लपकतो का बघेल. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना मध्ये अडकतं का, दोन्ही शॉकअप समोरून एका रेषेत आहेत का, सीलमधून ऑइल येतंय का, डिस्क घासते का, हेही बघेल. फार तर अर्ध्या तासाचं काम. शॉकअप बदलायला खर्च येतो, हे खरं आहे. तो येऊ नये म्हणून आपण लपवतो, हेही खरं आहे. घरी बोलणी बसतील. बसू द्या. वडील ओरडतात ते त्या दिवसापुरतं.

हेल्मेटचंही तसंच. डोक्यावर असताना आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठणठणीत दिसतं, पण आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुढच्या वेळी तो मार झेलू शकत नाही. ते टाकून द्या आणि आयएसआय मार्कचं नवं घ्या. पडलेलं हेल्मेट धाकट्या भावाला देणं म्हणजे त्याला रिकामं डबडं देणं.

आणि अपघातात दुसऱ्या कुणाला लागलं असेल, तर गाडीचा विचार नंतर. आधी त्याला दवाखान्यात न्या आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवा, हे चालवणाऱ्याचं कायद्यानं ठरवलेलं काम आहे. 'गाडी अडकेल' या भीतीनं पळून जाणारे एका चुकीचे दोन गुन्हे करून बसतात.

तर आता तुमच्या गाडीकडं वळू. गेल्या वर्षभरात ती कधी पडली होती का? आठवून बघा. पार्किंगमध्ये धक्का लागून आडवी झालेली नाही, चालताना पडलेली. उत्तर 'हो' असेल आणि त्यानंतर मेस्त्रीला ते सांगितलं नसेल, तर या रविवारी गॅरेजला जा. तोवर गाडी कुणाला देऊ नका. कुणी मागितलीच, तर चावी देण्याआधी खरं सांगा : "डावीकडं ओढते रे." हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. मग ती गाडी तुम्ही स्वतः तरी न्हावऱ्याच्या रस्त्यावर काढाल का, ते तुमचं तुम्हालाच कळेल.